ब्लूबर्ड के७: कोणत्या दिवसाची बोट परत आणायची?

८ मार्च २००१ रोजी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या कॉनिस्टन सरोवरातून एक बोट वर काढण्यात आली. ती सुमारे ४५ मीटर खोलीवर गाळात चौतीस वर्षं पडून होती. हवेच्या पिशव्या बांधून तिला पृष्ठभागावर आणलं, तेव्हा पुढचा भाग जागेवर नव्हता. नाक आणि कॉकपिट अपघाताच्या क्षणीच तुटून गेलं होतं. मागचं धड मात्र शाबूत होतं आणि त्यावरचा निळा रंग अजून ओळखू येत होता.

ही ब्लूबर्ड के७. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९५५ ते १९६४ या काळात तिच्यात बसून पाण्यावरच्या वेगाचे सात जागतिक विक्रम केले, आणि ४ जानेवारी १९६७ च्या सकाळी तिच्यातच त्यांचा मृत्यू झाला. वर काढल्यानंतर सतरा वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, तीच बोट जेट इंजिनाच्या जोरावर पुन्हा पाण्यावर धावली. त्यानंतर तिच्या मालकीवरून वाद पेटला आणि ती मुक्कामाच्या जागी पोचायला २०२४ साल उजाडलं.

यंत्रांच्या जतनाबद्दल आस्था असलेल्या माणसाने हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं असं मला वाटतं. मोडलेली ऐतिहासिक वस्तू पुन्हा उभी करायची, तर सगळ्यांत आधी एक दिवस निवडावा लागतो. ती वस्तू त्या दिवशी जशी होती, तशी आज करायची. के७ साठी असे अनेक दिवस समोर होते, आणि कोणताही निवडला तरी बाकीच्यांपैकी काहीतरी कायमचं पुसलं जाणार होतं.

बोट

के७ ची आखणी केन आणि ल्यू नॉरिस या भावांनी केली. ती लँकेशायरमधल्या सॅम्लसबरी इंजिनिअरिंगच्या कारखान्यात बांधली गेली. लांबी साधारण आठ मीटर, वजन अडीच टनांच्या आसपास. आत स्टीलच्या नळ्या जोडून केलेला सांगाडा, आणि त्यावर बर्माब्राइटचा पत्रा. बर्माब्राइट हा ॲल्युमिनियममध्ये मॅग्नेशियम मिसळून केलेला मिश्रधातू. तो पाण्यात सहजासहजी सडत नाही, हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

पूर्ण धातूची बोट बांधण्यामागे ताजा अनुभव होता. डोनाल्डनी वडिलांची, म्हणजे सर माल्कम कॅम्पबेल यांची जुनी बोट के४ घेऊन प्रयत्न केले होते आणि १९५१ मध्ये ती कॉनिस्टनवरच फुटली. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९५२ रोजी, जॉन कॉब यांची ‘क्रुसेडर’ ही जेट बोट लॉक नेस सरोवरावर ताशी दोनशे मैलांच्या पुढे गेली, तिथेच तिचे तुकडे झाले आणि कॉब गेले. इतक्या वेगात पाण्याचे तडाखे किती जबर असतात, हे नॉरिस बंधूंना ठाऊक होतं.

के७ तीन ठिकाणी टेकून चालते. पुढे दोन बाजूंना स्पॉन्सन म्हणजे बाहेर काढलेले तरंगते भाग, आणि मागे मुख्य धडाचं टोक. वेग धरला की बाकी सगळी बोट पाण्याबाहेर येते आणि तीन छोट्या पृष्ठांवर सरकत राहते. पाण्याचा विरोध त्यामुळे एकदम कमी होतो. पण पोटाखालून जाणारी हवा बोटीला वर ढकलू लागते. या रचनेचं बळ आणि तिचा धोका, दोन्ही इथेच आहेत.

पहिला विक्रम २३ जुलै १९५५ रोजी अल्सवॉटर सरोवरावर झाला, ताशी २०२.३२ मैल, म्हणजे सुमारे ३२६ किलोमीटर. त्याआधीच्या चाचण्यांत फवारे इंजिनात जात होते. म्हणून पुढचा आडवा दांडा वर उचलून बसवावा लागला. त्याच वर्षी अमेरिकेत लेक मीडवर बघ्यांच्या बोटींनी उठवलेल्या लाटांचं पाणी आत शिरलं आणि के७ चक्क बुडाली. तिला वर काढून, उघडून, सुकवून पुन्हा जोडलं, आणि १६ नोव्हेंबर १९५५ रोजी तिने तिथेच ताशी २१६.२० मैलांचा विक्रम केला. जीर्णोद्धाराच्या चर्चेत ही गोष्ट फारशी कोणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं. बुडणं आणि बुडाल्यावर परत उभं राहणं या बोटीच्या वाट्याला पहिल्याच वर्षी आलं होतं.

पुढचे चार विक्रम १९५६ ते १९५९ या काळात कॉनिस्टनवर झाले. शेवटचा ३१ डिसेंबर १९६४ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या डंबलयुंग सरोवरावर, ताशी २७६.३३ मैल. त्याच वर्षी जुलैमध्ये कॅम्पबेल यांनी ऑस्ट्रेलियातल्याच लेक एअरच्या कोरड्या मिठागरावर मोटारीने ताशी ४०३.१० मैल वेग गाठून जमिनीवरचाही विक्रम केला होता. एकाच वर्षात जमीन आणि पाणी असे दोन्ही विक्रम करणारा दुसरा माणूस आजवर झालेला नाही.

बदलत गेलेली बोट

आता ‘मूळ के७’ म्हणजे कोणती? १९५५ च्या बोटीत मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीचं बेरिल इंजिन होतं. दर मोसमात काही ना काही बदलत गेलं. कॉकपिटचं झाकण बदललं, शेपटीला पंख आला. १९६६ मध्ये तर इंजिनच बदललं. ताशी तीनशे मैलांचा टप्पा ओलांडायचा होता, म्हणून बेरिल काढून ब्रिस्टल ऑर्फियस बसवलं. ते वजनाला हलकं होतं आणि सुमारे ४,५०० पौंड जोर देत होतं.

ऑर्फियस हे फॉलंड नॅट या विमानाचं इंजिन. आपल्याकडे १९६५ च्या युद्धात ‘सेबर स्लेयर’ म्हणून गाजलेली नॅट तीच. बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये ती बनत होती, आणि आपल्या मारुत लढाऊ विमानातही ऑर्फियसची जोडी होती. कॅम्पबेल यांनी सुट्या भागांसाठी अपघातात मोडलेलं एक नॅट विकत घेतलं होतं. त्याचा शेपटीचा पंखही त्यांनी के७ ला बसवला. थोडक्यात, १९६६ च्या हिवाळ्यात पाण्यावर उतरलेल्या के७ मध्ये एका मोडक्या विमानाचे अवयव आधीच होते. तिच्यात एकही परका तुकडा नको असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

४ जानेवारी १९६७

विक्रम मान्य होण्यासाठी मोजलेल्या किलोमीटरवर दोन्ही दिशांनी फेरी मारायची आणि दोन्हींची सरासरी धरायची असा नियम आहे. पहिली फेरी ताशी २९७.६ मैलांची झाली. कॅम्पबेल इंधन भरायला आणि लाटा शांत व्हायला थांबले नाहीत. त्यांनी लगेच बोट उलट फिरवली. दुसऱ्या फेरीत वेग ताशी ३२८ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ५२८ किलोमीटरपर्यंत गेला. बोट उसळू लागली, नाक वर गेलं, ती पाण्यावरून उचलली गेली, हवेत उलटी फिरली आणि पाण्यावर आदळून फुटली.

हवेची उचल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. २९७.६ वरून ३२८ म्हणजे वेग जेमतेम दहा टक्क्यांनी वाढला, पण उचल एकवीस टक्क्यांच्या वर वाढली. शिवाय नाक जरा वर गेलं की पोट हवेला जास्त सामोरं जातं, उचल आणखी वाढते, नाक आणखी वर जातं. ठरावीक कोन ओलांडल्यावर चालकाच्या हातात काहीच उरत नाही.

कॅम्पबेल यांचं शुभचिन्ह असलेलं टेडी बेअर, मिस्टर व्हॉपिट, पाण्यावर तरंगताना सापडलं. नौदलाच्या डायव्हर्सना कॅम्पबेल स्वतः मात्र सापडले नाहीत.

शोध आणि साक्ष

बिल स्मिथ हे टाइनसाइडचे अभियंते आणि हौशी पाणबुडे. त्यांनी काही वर्षं सोनार यंत्राने तळ धुंडाळला आणि २००० च्या अखेरीस बोट शोधून काढली. मार्च २००१ मध्ये धड वर आलं. २८ मे रोजी कॅम्पबेल यांचे अवशेष सापडले, आणि १२ सप्टेंबर २००१ रोजी कॉनिस्टन गावाच्या दफनभूमीत त्यांचा अंत्यविधी झाला.

यावर घरातच मतभेद होते. काही विपरीत घडलं तर कप्तान आणि बोट एकत्र राहावेत, असं डोनाल्ड म्हणून ठेवून गेले होते. त्याला मान द्यावा म्हणून त्यांची बहीण जीन वेल्स यांचा अवशेष काढायला विरोध होता. मुलगी जिना कॅम्पबेल यांना वडिलांना नीट निरोप द्यायचा होता. जिना यांनी स्वतः १९८४ मध्ये महिलांमधला जलवेगाचा विक्रम केला होता, त्यामुळे या खेळातली जोखीम त्या आतून जाणत होत्या. दोन्ही भावना खऱ्या होत्या. अशा वेळी बाहेरच्या माणसाने निवाडा करू नये. निर्णय मुलीचा होता आणि तो तिने घेतला.

बोटीकडे वळू. तिने वर येऊन जे सांगितलं ते कोणत्याही चित्रफितीत नव्हतं. इंधन संपून इंजिन बंद पडलं असावं, असं कित्येक वर्षं बोललं जात होतं. इंजिनाच्या इंधन नळ्यांमध्ये अजून इंधन होतं, त्यामुळे तो तर्क मागे पडला. पाण्यातला ब्रेक बाहेर आलेला सापडला. कॅम्पबेल यांनी शेवटच्या क्षणी ब्रेक लावला होता का, असा प्रश्न त्यावरून पडणं साहजिक होतं. पण साठवणीच्या टाकीत उरलेल्या दाबामुळे तो अपघातानंतर आपोआप उघडला होता. आघाताच्या सगळ्या खुणा डावीकडून उजवीकडे जात होत्या, त्याच दिशेने बोटीचा पुढचा भाग तुटून निघाला होता. आणि आसनाच्या पट्ट्यांची खालची बांधणी तुटलेली होती. त्या बांधणीचा असल्या धडकेत काही उपयोग नव्हता.

एकेक वाकलेला पत्रा, एकेक तुटका बोल्ट इथे पुरावा होता. वाक सरळ केला की दुरुस्ती होते आणि पुरावा नाहीसा होतो. या प्रकरणातली खरी कोंडी हीच आहे.

वाटा

पहिली वाट होती काहीच न करण्याची. क्रुसेडरच्या बाबतीत तेच झालं. कॉब यांच्या बोटीचे अवशेष २००२ मध्ये लॉक नेसच्या तळाशी सापडले, आणि २००५ मध्ये त्यांना संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. ती बोट तिथेच आहे. के७ साठी २००१ मध्येच ही वाट बंद झाली.

दुसरी वाट, आहे तसं जपायचं. बोट स्वच्छ करायची, गंज थांबवायचा, आणि तुटक्या अवस्थेतच मांडायची. कॉनिस्टनचं रस्किन म्युझियम बोट स्वीकारायला उत्सुक होतं आणि त्यासाठी हेरिटेज लॉटरी फंडाकडे पैसे मागितले गेले. हा ब्रिटनमध्ये वारसा जपण्यासाठी लॉटरीच्या उत्पन्नातून पैसे देणारा निधी. निधीचा कल अवशेष जसेच्या तसे जपण्याकडे होता. बोट पुन्हा बांधायला त्यांनी पैसे दिले नाहीत.

अनेकांनी या नकारावर कोत्या मनाचा म्हणून टीका केली. मला ती पटत नाही. संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं भक्कम होतं. मोडलेली के७ ही ४ जानेवारी १९६७ च्या त्या काही सेकंदांची एकमेव धातूत उमटलेली नोंद होती. धावणारी के७ आणखी एखादी बांधता आली असती, मोडलेली दुसरी मिळाली नसती.

तरीही मी जीर्णोद्धाराच्या बाजूने आहे. एक तर, मोडलेलं कॉकपिट काचेमागे ठेवायचं म्हणजे एका माणसाच्या मरणाची जागा तिकीट लावून दाखवायची. मुलीला ते नको असेल, तर तिच्या शब्दाला वजन हवं. दुसरं, के७ ची सगळी कहाणी शेवटच्या फेरीत मावत नाही. सात विक्रम, बारा वर्षांचे बदल, नॉरिस बंधूंची आखणी, बाप-लेक दोघांचीही यंत्रं सांभाळणाऱ्या लिओ व्हिला या मेकॅनिकची मेहनत, हे सगळं त्या मोडक्या धडात दिसलं नसतं. आणि तिसरं, जे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं: ती दुरुस्त होण्याजोगी होती. गोड्या पाण्याने आणि बर्माब्राइटने तिला सांभाळलं होतं. समुद्रात पडली असती तर हा प्रश्नच उरला नसता.

डिसेंबर २००६ मध्ये जिना कॅम्पबेल यांनी कुटुंबाच्या विश्वस्त संस्थेतर्फे बोटीचे अवशेष रस्किन म्युझियमला दिले. स्मिथ आणि त्यांचे स्वयंसेवक बोट उभी करणार, आणि ती ४ जानेवारी १९६७ ला होती तशी करणार, असं ठरलं. म्हणजे निवडलेला दिवस अपघाताचाच, पण अपघाताच्या आधीचा. मला ही निवड बरोबर वाटते. शिल्लक राहिलेला पत्रा, सांगाडा, पंख हे सगळं त्याच शेवटच्या रूपातलं होतं. १९५५ ची बोट करायची म्हटलं असतं, तर अस्सल माल काढून नवा घालावा लागला असता.

पत्र्याचं काम

काम टाइनसाइडला, नॉर्थ शील्ड्समधल्या वर्कशॉपमध्ये चाललं. माणसं स्वयंसेवक, खर्च लोकांच्या देणग्यांतून आणि कारखान्यांनी दिलेल्या मालातून. धोरण असं होतं की जुना तुकडा वाचवता येत असेल तर नवा लावायचा नाही.

सांगायला हे धोरण सोपं आहे. नवा पत्रा कापून, वळवून बसवायला काही तास पुरतात. चुरगळलेला जुना पत्रा वाचवायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. पहिलं काम रिव्हेट काढण्याचं. रिव्हेटचं डोकं ड्रिलने नेमकं मधोमध पोखरायचं, छिन्नीने उडवायचं आणि शेंडी मागून ठोकून बाहेर काढायची. ड्रिल जरा सरकलं की मूळ भोक मोठं होतं आणि पुढच्या मापाचा रिव्हेट घालावा लागतो. मग शेजारच्या पत्र्याचं भोकही वाढवावं लागतं. अशी हजारो भोकं.

पत्रा सुटा झाल्यावर खरी कसोटी लागते. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचा पत्रा एकदा वाकला की त्या जागी कडक होतो. तसाच थंड ठोकला तर घडीवर चीर जाते. म्हणून आधी त्याला तापवून मऊ करावं लागतं. पण ॲल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही, आणि जरा जास्त तापलं तर डोळ्यांदेखत वितळून खाली पडतं. पत्र्याचे जुने कारागीर यासाठी साबण वापरतात. पत्र्यावर साध्या साबणाची रेघ ओढायची आणि मागून ज्योत फिरवायची. रेघ तपकिरी-काळी झाली की पत्रा मऊ झाला, ज्योत बाजूला घ्यायची. त्यानंतर लाकडी हातोडा आणि वाळूची पिशवी, मग गुळगुळीत पोलादी हातोडी आणि ऐरण. ताणला गेलेला पत्रा आक्रसून आणायचा असतो. ते ताणण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण वाढलेला धातू कुठेतरी जिरवावा लागतो.

जिथे ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना चिकटून पाण्यात राहतात, तिथे ॲल्युमिनियम आधी झिजतं. दोन धातू आणि मध्ये पाणी म्हटलं की नकळत एक विद्युतघट तयार होतो. स्टीलचे स्क्रू आणि सांगाड्याच्या नळ्या जिथे पत्र्याला भिडतात तिथली परिस्थिती म्हणूनच सगळ्यांत नाजूक असते, आणि जोडांपासून दूर असलेला पत्रा त्या मानाने धडधाकट राहतो.

नाक आणि कॉकपिटचा भाग मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधावा लागला. तिथे वाचवण्यासारखं फार उरलंच नव्हतं. सरोवरातून निघालेलं इंजिन चालण्याच्या पलीकडे गेलं होतं. त्याच्या जागी दुसरं ऑर्फियस मिळवलं. याबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी १९६६ ची आठवण देईन. कॅम्पबेल यांच्या हयातीतही या बोटीत एकाहून अधिक ऑर्फियस येऊन गेली होती. त्या हिवाळ्यातल्या सुरुवातीच्या चाचणीतच हवा आत घेण्याचा मार्ग ढासळला, त्याचे तुकडे इंजिनात गेले आणि इंजिन बदलावं लागलं. विक्रमाच्या बोटीत इंजिन हा बदलण्याचाच भाग असतो. तिचं शरीर म्हणजे सांगाडा आणि कातडी.

कॉकपिटबद्दल मात्र माझा एक आग्रह आहे. जिथे माणूस बसणार, तिथे १९६७ ची हुबेहूब नक्कल करू नये. त्या वेळच्या पट्ट्यांची बांधणी निकामी होती हे बोटीनेच आपल्याला सांगितलं आहे. ते ठाऊक असताना आजच्या चालकाला तशाच पट्ट्यांत बसवणं म्हणजे इतकी वर्षं जपलेल्या पुराव्याकडे पाठ फिरवणं. चालकाच्या जिवाशी संबंध असलेल्या प्रत्येक भागात आजचं ज्ञान वापरावं आणि तसं स्वच्छ लिहून ठेवावं.

लॉक फॅड

बोट तयार झाली, पण चालवायची कुठे? कॉनिस्टनवर एरवी ताशी १० मैलांची मर्यादा आहे. नोव्हेंबरमधल्या विक्रमांच्या आठवड्यापुरती ती सैल होते. के७ ला कमी वेगाच्या प्रात्यक्षिकासाठी एकदा तिथे चालवायची परवानगी २००९ मध्येच मिळाली होती, तरी पहिल्या चाचण्या दूर, स्कॉटलंडच्या ब्यूट बेटावरच्या लॉक फॅडवर घेतल्या गेल्या. ४ ऑगस्ट २०१८ रोजी के७ पाण्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या चाचण्या झाल्या, आणि पुढच्या दिवसांत तिने ताशी सुमारे १५० मैलांपर्यंत मजल मारली.

हा आकडा विक्रमाच्या निम्म्याएवढा आहे, म्हणून त्याला कमी लेखू नये. अशा बोटीत सर्वांत किचकट टप्पा तरंगण्यापासून सरकण्यापर्यंतचा असतो. बोट जड, पुढचा भाग पाणी फाडत असतो, फवारे इंजिनाच्या तोंडापर्यंत येतात, आणि त्यातूनच तिला तिच्या तीन पायांवर उभं राहायचं असतं. १९५५ मध्ये नॉरिस बंधूंना इथेच झगडावं लागलं होतं. ज्या क्षणी के७ पाण्यातून वर उठून सरकू लागली, त्या क्षणी सांगाडा सरळ आहे, स्पॉन्सन योग्य कोनात बसले आहेत, वजनाची वाटणी जमली आहे, हे एकदमच सिद्ध झालं. काचेमागच्या प्रदर्शनाला ही परीक्षा कधी द्यावी लागत नाही. जीर्णोद्धाराच्या बाजूने माझ्याकडे याहून मोठा मुद्दा नाही.

मालकी

रस्किन म्युझियमने दरम्यान के७ साठी इमारतीला नवा भाग जोडला होता. तो तिची वाट बघत होता. बोट मात्र टाइनसाइडलाच राहिली. अवशेष म्युझियमच्या मालकीचे होते, याबद्दल दुमत नव्हतं. पण त्यात घातलेले नवे भाग कोणाचे? स्वयंसेवकांनी बारा-पंधरा वर्षं घातलेल्या श्रमांचं काय? स्मिथ यांचं म्हणणं होतं की नव्या भागांमुळे आपलाही बोटीत वाटा आहे, आणि धावती झालेली बोट पाण्यावर धावत राहिली पाहिजे. म्युझियमचं म्हणणं होतं की बोट कॉनिस्टनच्या लोकांसाठी दिली गेली आहे, तिने घरी यावं. प्रकरण कायद्याच्या वाटेला गेलं. २०२३ मध्ये स्मिथ यांनी मालकीचा दावा सोडला, आणि ९ मार्च २०२४ रोजी के७ कॉनिस्टनला आली.

यात खलनायक शोधू नये. ज्या माणसाने तळ धुंडाळला, बोट वर काढली, वाकलेला पत्रा सरळ केला, त्याला ती आपली वाटणं स्वाभाविक आहे. ज्या संस्थेला कुटुंबाने विश्वासाने ती दिली, तिला दिलेला शब्द पाळायचा होता. गडबड आधीच्या टप्प्यावर झाली, ती मला अशी दिसते: काम हाती घेताना ते कधी पुरं झालं असं समजायचं, आणि त्यानंतर काय, यावर दोन्ही पक्षांच्या मनात वेगवेगळी चित्रं होती. म्युझियमच्या मनात एक वस्तू होती. वर्कशॉपच्या मनात एक यंत्र होतं, आणि यंत्राचं काम कधी संपत नाही. त्याला दर वर्षी उघडावं लागतं, तेल घालावं लागतं, चालवावं लागतं. चालवणारी माणसं एकदा पांगली की नवी तयार करायला वर्षं लागतात.

असं काम हातात घेणाऱ्या कोणालाही मी सांगेन की पहिला रिव्हेट काढायच्या आधी हे कागदावर आणा. नवा भाग बसवला त्या क्षणापासून तो मूळ वस्तूच्या मालकाचा. इंजिन आणि अवजारं उसनी दिली असतील तर त्यांची वेगळी यादी. बोट कधी, कुठे, किती वेळा चालवायची आणि खर्च कोणी करायचा. चालकाचा आणि काठावरच्या माणसांचा विमा. आणि काम करणाऱ्यांची नावं बोटीशेजारी कायम लावायची. ही शेवटची अट सगळ्यांत स्वस्त, आणि माझ्या अंदाजाने सगळ्यांत जास्त भांडणं टाळणारी. पैसे न घेता वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाला निदान आपलं काम आपल्या नावाने ओळखलं जावं एवढं तरी हवं असतं.

आता

के७ ला आता कोणताही विक्रम मोडायचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी ८ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर घरच्या अंगणात बांधलेल्या बोटीने ताशी ३१७.६० मैल वेग गाठला, आणि तो आकडा आजही अभेद्य आहे. के७ कडून मला दोन गोष्टींची अपेक्षा आहे.

तिने अधूनमधून पाण्यावर उतरावं, शक्यतो कॉनिस्टनवर, आणि वेगाची मर्यादा अभियंत्यांनी आधी ठरवावी, त्या दिवशीच्या गर्दीने नव्हे. उचल वेगाच्या वर्गाने वाढते हे गणित २०१८ च्या बोटीलाही तसंच लागू आहे. ताशी १५० मैलांना ती उचल ३२८ मैलांच्या तुलनेत जेमतेम एक पंचमांश असते. तेवढ्यात बोट तिच्या तीन पायांवर चालताना पुरती दिसते, आवाज पुरता ऐकू येतो.

आणि दुसरी अपेक्षा म्युझियमकडून. बोटीशेजारी एक मोठा, भागवार नकाशा हवा: कोणता पत्रा १९५४ चा, कोणता पंख नॅटचा, कोणतं कॉकपिट नव्याने बांधलेलं. वाचवता न आलेले तुकडे, विशेषतः पट्ट्यांची तुटकी बांधणी, त्याच दालनात मांडावेत, आणि २००१ मध्ये बोट ज्या अवस्थेत वर आली त्याची छायाचित्रंही. बोट ४ जानेवारी १९६७ च्या सकाळची आहे, पण त्या सकाळी पुढे काय घडलं ते दालनात आलेल्या शाळकरी मुलालाही एका नजरेत कळायला हवं.